पाहुणी बाटली

जाहिरात नवऱ्याने वाचून दाखवली, तीही चष्मा कपाळावर ठेवून. म्हणजे निम्मी वाचून आणि निम्मी अंदाजाने. सरकारला म्हणे वेगवेगळ्या खात्यांसाठी बाहेरचे सल्लागार हवे होते. खात्याचे नोकर नसलेले, खात्यात कुणाचे मिंधे नसलेले. वर्षाला चार-पाच बैठका. खात्याचं अंतर्गत ऑडिट नीट होतं का, कुठे काय बिघडू शकतं याची खात्याला कल्पना आहे का, आणि ज्या तपासण्यांच्या भरवशावर सगळे निर्धास्त झोपतात त्या तपासण्या खरंच काही तपासतात का, एवढं बघायचं. खात्यांच्या यादीत पाणीपुरवठा होता. खातं सोडून पाच वर्षं होऊन गेलेल्यांना अर्ज करायला हरकत नव्हती.

"हे तुझंच काम आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं घरात दुसरं काय करते आहेस? मी दाढी नीट केली की नाही याचंसुद्धा ऑडिट होतं."

"ती नीट होत नाही म्हणून होतं," थेंबताई म्हणाल्या आणि त्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

थेंबताई हे नाव घरचं नव्हे, प्रयोगशाळेतलं. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी छत्तीस वर्षं काढली. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी नळी; तिच्यातून रसायन थेंबथेंब सोडायचं आणि चंबूतल्या पाण्याचा रंग पालटला की तोटी बंद करायची. बाकीच्यांचा एखादा थेंब जास्त जायचा. ताईंचा जात नसे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी अजून त्या बाटलीतून तेल काढताना मान वाकवून डोळा तेलाच्या पातळीला नेत.

या सात वर्षांत कुणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं. लेक फोनवर विचारायची ते गुडघ्यांचं. शेजारणी विचारायच्या ते झाडांच्या किडीचं, आणि तेवढ्यावरसुद्धा ताई खूश व्हायच्या, कीड कागदावर झटकून भिंगाखाली बघायच्या. ती जागा त्यांना हवी होती. पाण्याच्या खात्याची ती जुनी इमारत, तिचा दगडी जिना, बैठकीच्या खोलीत जायचं म्हणजे प्रयोगशाळेच्या दारावरूनच जायचं. हवी आहे हे स्वतःशी कबूल करायला त्यांना दोन दिवस लागले. नवऱ्याला त्यांनी सांगितलंच नाही, आणि त्यानेही आपल्याला कळलंय हे सांगितलं नाही.

अर्जासोबत एक पत्र लागत होतं, तुमचं काम जवळून पाहिलेल्या वरिष्ठाचं. ताईंच्या वरिष्ठांपैकी हयात असे एकच होते. साहेब.

साहेब म्हटलं की त्या प्रयोगशाळेत एकच. त्यांच्याआधी दोघेतिघे साहेब होऊन गेले, नंतर ताई स्वतः पंधरा वर्षं त्या खुर्चीत बसल्या, पण त्यांना कुणी साहेब म्हटलं नाही आणि त्यांनाही ते रुचलं नसतं. साहेब बावीस वर्षं प्रमुख होते. उंच, जरासे पुढे झुकलेले, वरच्या खिशात चार रंगांची पेनं. बोलणं इतकं हळू की रागावले तर माणसाला जवळ जाऊन ऐकावं लागे.

तिथला दिवस ठरलेला होता. सकाळी आठला गाडी यायची. बर्फाच्या पेट्यांमधून साठ-सत्तर बाटल्या निघायच्या, प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या टाकीचं किंवा नळाचं पाणी. लांब टेबलावर त्यांची रांग लागली की सगळे शेजारच्या खोलीत चहाला जायचे, कारण त्यानंतर दुपारपर्यंत कुणाला मान वर करायची फुरसत नसे. महिन्यातून एकदा, कुठल्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नसे, साहेब त्या दहा मिनिटांत आपल्या खोलीतून एक बाटली आणून रांगेत घुसवायचे. तिच्यातलं पाणी त्यांनी स्वतः मोजूनमापून बनवलेलं. क्षार किती, क्लोरिन किती, ते फक्त त्यांना माहीत. तपासणाऱ्याचं उत्तर त्यांच्या आकड्याशी जुळलं तर महिन्याची सगळी उत्तरं भरवशाची. हिला सगळे पाहुणी बाटली म्हणत.

संध्याकाळी साहेब कप्प्यातून कागद काढून आकडे ताडून बघायचे आणि वहीत लाल शाईने लिहायचे, 'पाहुणी सुखरूप.' मग स्वतः संत्री सोलायचे आणि प्रत्येकाच्या टेबलावर दोन-दोन फोडी ठेवत फिरायचे. एरवी कधी न हसणारा माणूस त्या संध्याकाळी गुणगुणायचा, तेही बेसूर. खिडकीपाशी ऊर्ध्वपातनाचं यंत्र टपटपत असायचं, संत्र्याचा वास रसायनांच्या वासात मिसळायचा, आणि कुणालाच घरी जायची घाई नसायची. ताईंना पुढे आयुष्यात कुठेही संत्र्याचा वास आला की क्षणभर हात ॲप्रनच्या खिशाकडे जायचा.

बावीस वर्षं, दोनशे चौसष्ट बाटल्या. एकही चुकली नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांचे लोक ही पद्धत बघायला यायचे.

आणि ताईंना ती बाटली दुसऱ्याच वर्षापासून ओळखू येत होती.

त्यात फार हुशारी नव्हती. बर्फातून काढलेली बाटली टेबलावर ठेवली की तिच्या थंड काचेवर हवेतली वाफ धरते. साठ बाटल्या ओल्या, त्यांच्या मधोमध एक कोरडी, हाताला कोमट. साहेबांनी चिठ्ठी हुबेहूब लावलेली, बूच तेच, नंबर घालताना नमुने आणणाऱ्या माणसाचं गिचमिड अक्षरसुद्धा गिरवलेलं. डोळ्याला दिसेल ते सगळं त्यांनी जुळवलं होतं. फक्त शेजारच्या बाटलीला कधी हात लावून बघितला नव्हता. ताईंनी हे शेजारच्या टेबलावरच्या मिशीवाल्यांना सांगितलं. त्यांनी बाटलीच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली, नाडी बघावी तशी, आणि म्हणाले, पाहुणीला कसा घाम फुटेल, घाम यजमानांना फुटतो. पंधरा दिवसांत खोलीभर सगळ्यांना कळलं.

लबाडी कुणी केली नाही. बाटलीतला आकडा कुणालाच ठाऊक नसायचा. इतकंच, की कोरडी बाटली हाती आली की ब्युरेट एकदाच्या जागी तीनदा धुतली जायची, गप्पा थांबायच्या, आकडा दोनदा घेतला जायचा. घरी पाहुणा आला की आपण नाही का चादर बदलत, तसं. इतर दिवशी काम वाईट व्हायचं असंही नव्हे. ते कसं व्हायचं हे मोजायला जी एकच पट्टी होती, तीच वाकडी होती.

सांगायचं कुणी? पहिलं वर्षभर गंमत म्हणून सांगितलं नाही. मग साहेब हिरमुसतील म्हणून. मग इतकी वर्षं लोटली, की आता सांगायचं म्हणजे आधीच्या प्रत्येक वर्षाचा जबाब द्यावा लागला असता.

साहेब निवृत्त झाले आणि पाहुणी बाटली ताईंच्या हाती आली. पहिल्याच महिन्यात त्यांनी ती आदल्या संध्याकाळी बनवून बर्फात ठेवून दिली. कुणाला काही बोलल्या नाहीत. त्या वर्षी बारांपैकी तीन चुकल्या.

त्यानंतरची दोन वर्षं त्यांनी जिवाचं रान केलं. जुन्या पिपेटा फेकल्या, मिशीवाल्यांसकट सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसवलं, लोकांचे टोमणे खाल्ले. चुका थांबल्या. पण त्या तीन चुका वार्षिक अहवालात छापल्या गेल्या होत्या, आणि अहवाल साहेबांच्या घरी जायचा. एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले, टेबलावरून हात फिरवला आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्यामागे जरा ढिलाई आली वाटतं."

"हो साहेब. लक्ष देते," ताई म्हणाल्या होत्या.

त्याला आता वीस-एकवीस वर्षं झाली.

साहेब ब्याऐंशीचे झाले होते आणि लेकीकडे राहत होते, दुसऱ्या मजल्यावर. पत्र त्यांनी लगेच लिहून ठेवलं आणि ताईंना बोलावून घेतलं. कुणाबद्दल पाठीमागे काही लिहायचं नाही, लिहिलं तर तोंडावर वाचून दाखवायचं, हा त्यांचा नेम. भिंग धरून त्यांनी सावकाश वाचलं. थेंबताईंच्या हाताची अचूकता, त्यांचा सरळ स्वभाव, रजेच्या दिवशीही येऊन यंत्रं बघणं. इतकं चांगलं, की ताईंनी नजर खिडकीबाहेर वळवली. आणि मग पुढचं: 'त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी तपासणीचा दर्जा काहीसा घसरला. माझ्या बावीस वर्षांत एकही चाचणी-बाटली चुकली नव्हती. मात्र तो दर्जा त्यांनी चिकाटीने पुन्हा सावरला, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे.'

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. हे वाक्य घालणं भाग होतं, म्हणाले, नुसत्या स्तुतीच्या पत्राला कुणी विचारत नाही. मग विचारलं, राग नाही ना आला?

राग कसला, ताई म्हणाल्या. तुम्हाला दिसलं ते तुम्ही लिहिलंत.

पुढचा तासभर साहेब त्या खोलीत नव्हतेच, प्रयोगशाळेत होते. कुणी कुठल्या टेबलावर डुलकी काढायचं, कुणाचं लग्न कुणाशी जुळता जुळता राहिलं, पंखा पडला तेव्हा खाली कोण होतं. त्यांच्या लेकीने तीनदा सांगितलं, बाबा, औषध. तिन्ही वेळा त्यांनी हात हलवून तिला थांबवलं. आणि फिरून फिरून ते पाहुणीवर येत. दोनशे चौसष्ट, बाई. निघताना त्यांनी पाकिटाला स्वतः गोंद लावला.

घरी आल्यावर ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. बाटलीचं त्याला जुनंच ठाऊक होतं, पत्राचं नवीन होतं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. कुठलीही अडचण त्याला नकाशासारखी टेबलावर पसरून बघायची सवय.

"म्हणजे रस्ते दोन," तो म्हणाला. "ढिलाई केली म्हणायचं आणि जागा घालवायची. नाहीतर खरं सांगायचं आणि साहेब घालवायचे."

"तिसरा आहे. ढिलाई झाली होती, मी ती सावरली. पत्रात तेच आहे. एवढं बोलून पुढे जायचं."

"जा. पण खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. लग्नाआधीपासून बघतोय."

"खोटं कुठे आहे त्यात?"

"तेच बघायला तर त्यांना माणूस हवाय," तो म्हणाला आणि चष्मा शोधायला लागला.

मुलाखत सकाळी अकराची होती. इमारत नवीन, काचेची. खोलीत एक लांबट टेबल, झाकण ठेवलेले पाण्याचे पेले, भिंतीवर मिनिटाला टक आवाज करणारं घड्याळ. समोर तिघं. मध्ये अध्यक्षबाई, पूर्वीच्या न्यायाधीश. डावीकडे विमा कंपनीत आयुष्य घालवलेले एक बुटके गृहस्थ. उजवीकडे टिपणं घेणारा अधिकारी. आरंभीचे प्रश्न सोपे होते. धोक्यांची यादी कुणी बनवावी, ऑडिटरने दिलेला शेरा खात्याने तीन वर्षं तसाच ठेवला तर काय कराल, तुमचं म्हणणं कुणी ऐकलंच नाही तर. ताई जेवढ्यास तेवढं बोलत होत्या आणि त्यांना स्वतःलाच जाणवत होतं, की बऱ्याच वर्षांनी आपला आवाज आपल्याला ओळखीचा वाटतोय.

मग अध्यक्षबाईंनी साहेबांचं पत्र पुढे ओढलं आणि ते वाक्य वाचलं.

बरोबर आहे, ताई म्हणाल्या. पहिल्या वर्षी बारांपैकी तीन चुकल्या. ढिलाई आली होती, नंतर सावरली.

विम्याच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. ढिलाई म्हणजे नेमकं काय, त्यांनी विचारलं. नवी माणसं आली होती का? नाही. यंत्रं बदलली? नाही. नमुने वाढले? नाही, तेवढेच होते. प्रत्येक 'नाही'सरशी ताईंना कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटत होत्या.

"माणसं तीच, यंत्रं तीच, पद्धत तीच," गृहस्थ म्हणाले. "आणि बावीस वर्षं शून्य, मग एकदम तीन. बाई, आमच्या धंद्यात असा कागद आला तर आम्ही त्या तीनकडे बघत नाही. शून्याकडे बघतो."

घड्याळ टक वाजलं. ताईंना वाटलं, हा माणूस आपल्या प्रयोगशाळेत हवा होता.

"बाटली बदलली होती," त्या म्हणाल्या. आणि मग, प्रयोगाच्या वहीत लिहावं त्या क्रमाने, त्यांनी सगळं सांगितलं: बर्फ, दव, कोरडी काच, तीनदा धुतलेली ब्युरेट. साहेबांना दोष लागेल असा शब्द कुठे येऊ दिला नाही आणि स्वतःचा कुठला शब्द गाळलाही नाही. टिपणं घेणाऱ्या अधिकाऱ्याचा हात मध्येच थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग त्या वर्षांत चुकीचे निकाल बाहेर गेले का?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज करायला काहीतरी हातात लागतं. आमच्याकडे काही नव्हतं, आणि आहे असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो."

"तुम्ही किती वर्षं गप्प होता?"

"साहेब असताना वीस. नंतर बावीस."

अध्यक्षबाईंनी साहेबांना हे ठाऊक आहे का विचारलं. ताईंनी मान हलवली. पत्रातलं विधान आणि तुमचं म्हणणं जुळत नाही, बाई म्हणाल्या, तेव्हा त्यांच्याकडे खुलासा मागावा लागेल. तशी चिठ्ठी उद्या सकाळी जाईल.

"मग मला आजचा दिवस पुरेल," ताई म्हणाल्या.

त्या तिथून घरी गेल्याच नाहीत. दोन मजले चढून गेल्या तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. साहेब शब्दकोडं सोडवत बसले होते, ताईंना बघून त्यांचा चेहरा उजळला. झाली का मुलाखत, कोण कोण होतं, माझं पत्र वाचलं का? बसा, ते म्हणाले. ताई बसल्या नाहीत. निकाल सांगायला त्या नेहमी उभ्याच राहत.

सांगून झाल्यावर साहेबांनी शब्दकोडं बाजूला सारलं.

"किती अंशांचा फरक?" त्यांनी विचारलं.

"बाकीच्या चार-पाचवर असायच्या. तुमची खोलीच्या तापमानाला."

"दव," साहेब म्हणाले. जन्मभर रसायनशास्त्र केलेल्या माणसाने हा शब्द असा उच्चारला, की जणू तो शब्दच कुणाच्या तरी घरी विसरून राहिला होता. मग घाईने, आशेने: "पहिली दोन वर्षं? तुम्हाला कळायच्या आधीची? चोवीस तरी खऱ्या धरायच्या?"

हो म्हणणं किती सोपं होतं. चोवीस म्हणजे काही थोड्या नव्हेत.

"सांगता येत नाही, साहेब. पहिल्या वर्षी मी नव्हतेच. आणि माझ्याआधी कुणाला कळलं असेल तर त्याने मला सांगितलेलं नाही."

साहेबांनी मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. त्यांनीच तसं उत्तर द्यायला शिकवलं होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खूश व्हायचात. तो दिवस सगळ्यांनाच आवडायचा."

"बाई, ते पाणी लोक पीत होते."

आवाज नेहमीसारखाच हळू होता. लेक चहा घेऊन आली, दोघांचे चेहरे बघून ट्रे ठेवून आत गेली. चहावर साय धरली.

"आणि मी तुम्हाला येऊन ढिलाई म्हणालो," साहेब म्हणाले. "तेव्हा तरी बोलायचं. तेव्हा मी तुमचा साहेब नव्हतो."

"माझ्यासाठी होतात."

साहेबांनी शब्दकोडं पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाले, आज जा तुम्ही. दाराशी सोडायला ते आले नाहीत. असं आजवर कधी झालं नव्हतं.

आठ दिवस फोन नाही. ताईंनी दोनदा उचलून ठेवला. नवरा टोमणे मारायचं विसरला, त्यावरून घरात किती बिनसलंय ते कळत होतं. ताई अंगणातल्या कुंड्या एका ओळीत लावत, पुन्हा हलवत. जागा मिळो न मिळो, त्यांच्या मनात तेव्हा जागेचं फारसं नव्हतं. साहेबांच्या दोनशे चौसष्ट संध्याकाळी आपण एका दुपारी काढून घेतल्या, आणि स्वतःच्याही. आता संत्र्याच्या वासाला आधी ते आठवणार आणि मग हे.

नवव्या दिवशी अध्यक्षबाईंचा फोन आला. साहेब स्वतः कार्यालयात येऊन गेले होते. खुलाशाची चिठ्ठी पोचायच्याही आधी, लेकीचा हात धरून. जुनं पत्र परत मागितलं आणि दुसरं दिलं. त्यात काय आहे ते सांगता येणार नाही, बाई म्हणाल्या, पण अशी पत्रं आमच्याकडे येत नाहीत. मग त्या मुद्द्यावर आल्या. पाणीपुरवठ्याच्या समितीवर तुम्हाला घेता येणार नाही.

"बरं," ताई म्हणाल्या.

"त्या खात्यावर तुमचा जीव आहे. आणि जीव असला की तुम्ही गप्प बसता, हे आम्हाला तुम्हीच सांगितलंत. पुलांच्या खात्यात जागा आहे. तीन वर्षांसाठी. तिथे तुमच्या ओळखीचं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"म्हणून विचारतेय."

ताईंनी फोन ठेवला. तो दगडी जिना, प्रयोगशाळेच्या दारावरून जाताना येणारा तो वास, हे आता मिळणार नव्हतं, आणि न मिळण्याचं कारण इतकं बरोबर होतं की त्यावर चिडायचीसुद्धा सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, पूल म्हणजे भूगोलच, मी शिकवतो. त्याचे टोमणे सुरू झाले म्हणजे घर पूर्वपदावर आलं. त्यांनी होकार कळवला आणि तशाच साहेबांकडे गेल्या. दार उघडलं नाही तर जिन्यावरून परत यायचं, असं ठरवून.

दार साहेबांनीच उघडलं. दाढी वाढली होती. टेबलावर कागद पसरलेले, सगळ्यांवर त्यांचं बारीक अक्षर, खाडाखोड. आठ दिवस ते आठवत बसले होते, ते म्हणाले. प्रत्येक वर्ष. पण आता आपलंच आठवलेलं खरं मानावं की नाही तेच कळेना. कुणीतरी दुसऱ्या टेबलावरून बघितलेलं हवं.

ताईंनी पुलांचं सांगितलं.

"पुलांतलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही."

"मग विचाराल," साहेब म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकवली. "आता बसा. आणखी काय काय लपवलंत माझ्यापासून?"

ताईंनी सांगायला सुरुवात केली. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांनी मिळून सात मिनिटं मागे ठेवलेलं असायचं, कारण साहेबांना उशीर झाला की ते दिवसभर स्वतःवरच चिडायचे. त्यांचं गुणगुणणं सुरू झालं की मिशीवाले गंभीर चेहऱ्याने ताल धरायचे. मोठा चंबू वाऱ्याने फुटला नव्हता, दोघांच्या झटापटीत फुटला होता. साहेब ऐकत होते, मध्येच हसत होते, मध्येच हसू विरत होतं आणि ते कागदावर काही खोडत होते. औषधाची वेळ टळून गेली. आतून कुणी हाक मारली नाही.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि प्रयोगशाळेचा आराखडा काढायला घेतला. दार इथे, लांब टेबल इथे, माझी खिडकी पूर्वेला.

ताईंची मान आपोआप डोलायच्या बेतात आली. साहेब म्हणतात तर पूर्वेला.

"पश्चिमेला," त्या म्हणाल्या.

"पूर्वेला, बाई. सकाळचं ऊन यायचं माझ्या टेबलावर."

"सकाळचं नाही. तुम्ही संध्याकाळी आकडे ताडायला बसायचात, तेव्हाचं. सकाळी तिथे दिवा लावावा लागायचा."

साहेब हट्टाला पेटले. ताईंनी पेन्सिल घेतली, गाडी कुठून यायची ते दाखवलं, त्यावरून रस्ता, रस्त्यावरून दिशा. साहेबांनी कागद फिरवून बघितला, उलटा फिरवला, भिंग धरलं. शेवटी स्वतःची खिडकी खोडली आणि पलीकडच्या भिंतीत काढली.

"पश्चिमेला," ते म्हणाले. मग पेन्सिल ताईंच्या हातात दिली. "आता बर्फाच्या पेट्या कुठे असायच्या ते दाखवा. आणि मला बरं वाटावं म्हणून दाखवू नका."